राखेच्या बुधवाराआधीचं लगन

दार वाजलं तेव्हा पुष्पाबाई मागच्या पडवीत सुपातले तांदूळ निवडत होत्या. तुमसरच्या त्या गल्लीत सकाळी दार कोणी वाजवत नाही. लोक अंगणातूनच हाक घालतात, नाहीतर सरळ आत येऊन पाट ओढून बसतात. पण शेजारच्या राइस मिलचा कोंडा वाऱ्यावर उडून भांड्याकुंड्यांवर बसतो, म्हणून पुष्पाबाई पुढचं दार लावून ठेवायच्या. गल्लीतल्या बायकांच्या मते ही त्यांची माहेरून, मिशनमधून आलेली सवय होती. कोंडा सगळ्यांच्याच घरात येतो, दार कोणी लावतं का?

"पाहा ना जी कोण आहे ते," त्यांनी आतूनच म्हटलं.

गोमाजी खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. उमेदीची सगळी वर्षं मिलमध्ये पोती उचलण्यात गेली आणि त्यात गुडघेही गेले. त्यामुळे उठायचं म्हणजे आधी काठी, मग उजवा पाय, मग एक सुस्कारा असा क्रम असायचा. तो पुरा होईपर्यंत दार दुसऱ्यांदा वाजलं.

दारात फादर लिजो उभे होते, काखेत हेल्मेट. केरळातून येऊन त्यांना दीड-दोन वर्षं झाली होती. मराठी ते पुस्तकातून शिकले होते आणि बोलायचेही तसंच, सुट्या सुट्या स्वच्छ शब्दांत.

"या जी, बसा," गोमाजी म्हणाले. "रीताची माय, फादर आले वो. चहा ठेव."

"बसत नाही. दोन घरी जायचं आहे. आनंदाची वार्ता आहे, म्हणून आधी इथे आलो," फादर म्हणाले. "परवानगी आली."

"कायची?"

"तुमच्या विवाहाची."

गोमाजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "माह्या?"

"तुमच्या दोघांच्या."

"आमचं तर झालं आहे जी," गोमाजी समजावणीच्या सुरात म्हणाले. "पोरगी नागपूरले नर्स आहे."

फादरांनी पडवीच्या दाराकडे पाहिलं. पुष्पाबाई सूप घेऊन तशाच उभ्या होत्या. तांदळातला एक खडा त्यांनी चिमटीत धरला होता आणि तो कुठे टाकावा हे त्यांना सुचत नव्हतं. बाईंनी घरात काही सांगितलेलं नाही, हे फादरांच्या तेव्हा लक्षात आलं. पण वार्ता सांगून झाली होती. मग त्यांनी राहिलेलंही भराभर सांगून टाकलं. येता बुधवार राखेचा. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, आणि त्या काळात आपण चर्चमध्ये लग्नं लावत नाही. तेव्हा मंगळवारी दुपारपर्यंत झालं तर झालं. नाहीतर ईस्टर उलटल्यावर पाहू. फार काही करायचं नाही, वेदीपुढे उभं राहून दोघांनी वचन द्यायचं. दोन साक्षीदार मात्र लागतील.

"साक्षीदार," गोमाजी म्हणाले.

"हो. दोन."

फादर गेले. चहा उतू जाऊन शेगडीवर सांडला आणि त्याचा करपट वास घरभर पसरला. कुंपणापलीकडे शकुनबाई कपडे वाळत घालत होत्या. एकच लुगडं त्यांनी तिसऱ्यांदा झटकलं.

गोमाजी खाटेवर बसले. उरलेला चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच प्यायला.

"मले सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का तुले?" एवढंच ते म्हणाले, आणि मग दिवसभर बोलले नाहीत.

पुष्पाबाईंचे वडील सिस्टरांच्या दवाखान्यात स्वयंपाकी होते. तिथल्याच आवारात त्या वाढल्या, तिथल्याच शाळेत सातवीपर्यंत शिकल्या आणि मग दवाखान्यात पट्ट्या धुवायच्या, उकळायच्या कामाला लागल्या. साकोलीकडच्या एकोडी गावचा एक तरणा माणूस धानाच्या हंगामात मिलवर कामाला यायचा. पोत्याच्या सुईनं त्याचा तळहात फाटला, ती जखम चिघळली, आणि पट्टी बदलायला म्हणून तो रोज दवाखान्यात येऊ लागला. जखम भरली तरी येणं थांबेना, तेव्हा सिस्टरांच्या ध्यानात आलं. पुष्पाच्या ध्यानात ते त्याआधीच आलं होतं.

पुष्पाच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं सोडलं. गोमाजींचे वडील मात्र बोलणारे होते. त्यांनी पुष्पाला समोर बसवून सरळ सौदा मांडला. "लगन आमच्या मांडवात होईन. मंग तुहा देव तू घरात आण, त्याले कोणी हात लावनार नाई. पोरं झाली तर त्याइले तुह्या देवळात ने, माह्यी ना नाई. पन लगन मांडवात."

पुष्पानं हो म्हटलं. जांभळीच्या डहाळ्यांनी शाकारलेल्या मांडवात ती पाटावर उभी राहिली. माहेरचं कोणी आलं नव्हतं. मंगलाष्टकं चालू असताना ती ओठांतल्या ओठांत 'नमो मरिया' म्हणत होती, आणि दोन्हीचा ताल जुळत नसल्यानं मधेच चुकत होती.

सासऱ्यानं शब्द पाळला. देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीवर क्रूस लागला. रीताचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आजोबा स्वतः बैलगाडी जुंपून तुमसरला आले होते आणि चर्चच्या आवारात विडी ओढत बसले होते. पुष्पाबाईंनीही आपल्या बाजूचा शब्द पाळला. त्यात एक अडचण होती ती त्यांची एकटीची होती. चर्चमध्ये लावलेलं नाही ते लग्न चर्चच्या हिशेबी अपुरं. आणि अपुऱ्या लग्नात राहणाऱ्या बाईला कम्युनियन घेता येत नाही. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, शेवटी शेवटी सगळे उठतात, रांगेनं वेदीकडे जातात, फादर एकेकाला पवित्र भाकर देतात. तेव्हा पुष्पाबाई शेवटच्या बाकावर कडेला बसून गुडघे बाजूला घ्यायच्या, आतल्या लोकांना बाहेर पडायला वाट करून द्यायच्या. लोक परत आले की पुन्हा गुडघे बाजूला. इतकी वर्षं त्यांनी ते केलं. नवीन माणसांना वाटायचं, बाईंना उठवत नसेल.

खरं तर वाट मोकळी होती. एकदा जाऊन पापाची कबुली द्यायची आणि लग्न चर्चमध्ये नीट करून घ्यायचं, एवढंच. एका जुन्या फादरांनी तसं सुचवलंही होतं. पण सासरे असेपर्यंत सौदा मोडायचा नव्हता. सासरे गेल्यावर वेगळीच पंचाईत पुढे आली. कबुलीला बसलं की चुकल्याचं वाईट वाटतं असं मनापासून म्हणावं लागतं. पुष्पाबाईंनी मनात बरेचदा म्हणून पाहिलं. रागाचं वाईट वाटत होतं, वडिलांना दुखावल्याचं तर फार वाटत होतं. मांडवाचं काही केल्या वाटेना. मग त्या कबुलीला गेल्याच नाहीत.

चर्चची झाडलोट मात्र त्या करायच्या, वेदीचे कपडे धुवायच्या आणि दर वर्षी राख करायच्या. राखेच्या बुधवारी फादर कपाळावर जी राख लावतात ती मागच्या वर्षीच्या झावळ्यांची असते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी मिळालेली झावळी प्रत्येक घरात वर्षभर क्रुसामागे खोचलेली असते, आणि उपवासकाळ तोंडावर आला की लोक ती वाळलेली झावळी परत आणून देतात. तुमसरच्या त्या चर्चमध्ये झावळ्या असायच्या शिंदीच्या, आणि नाल्याकाठची ती शिंदी तोडून आणायचे गोमाजी. गुडघे गेल्यावरही कोयता काठीला बांधून ते खालून पानं ओढायचे, भारा सायकलवर लादून आणायचे आणि चर्चच्या ओट्यावर टाकायचे. आत कधी गेले नाहीत. रविवारी ते आवारातल्या कडुलिंबाखाली बाकावर बसायचे आणि मिस्सा संपला की बायकोच्या चपला पायाशी सरकवायचे. उपवासकाळात घरात मटण-मासळी शिजत नसे. "उपास तिचा आन पथ्य माह्यं," असं ते मिलमधल्या लोकांना सांगायचे.

राख सगळ्यांना मिळते. तिथे कोणी विचारत नाही की लग्न कुठे लागलं. त्यामुळे राखेचा बुधवार हा पुष्पाबाईंचा दिवस होता. त्या दिवशी त्यासुद्धा रांगेत उभ्या राहायच्या.

दिवाळीनंतर कधीतरी पुष्पाबाई वेदीचे पितळी दिवे घासत असताना फादर लिजोंनी त्यांना सहज विचारलं, माई, तुम्ही कम्युनियनला का येत नाही? छप्पर कुठून गळतं ते सांगावं तसं पुष्पाबाईंनी सगळं सांगून टाकलं. मांडवाचं वाईट वाटत नाही, हेसुद्धा सांगितलं. फादरांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, नवऱ्याशी नांदल्याचं वाईट वाटलं पाहिजे असं कोणी मागितलेलं नाही. बाकीचं मी नागपूरच्या बिशपांना विचारून पाहतो. पुष्पाबाई हो म्हणाल्या. आपण हो म्हटलं हे घरी जाऊन सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत उन्हाळी धानाची रोवणी आली, आणि फादरच दारात आले.

रविवारी सकाळी त्या उठल्या तर खाट रिकामी. काठी नाही, कोपऱ्यातली पिशवी नाही. देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावलेली होती, म्हणजे माणूस आंघोळ करून गेला होता.

"एकोडीले गेले," शकुनबाईंनी कुंपणावरून सांगितलं. "मले म्हणे सांगजो तिले. पहिल्या बसनं गेले."

"काहून?"

"ते मले काय सांगतीन? मी काय त्याइची बायको आहे?" शकुनबाई जरा थांबल्या. "तूबी तर नाई वाटते अजून. मंगळवारपासून होशीन म्हणे."

शकुनबाईंच्या बोलण्यात खोच असली तरी घरात दुखणंखुपणं आलं की रात्री-बेरात्री धावून येणारी तीच बाई होती. त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "राग आला असन त्याइले. पुरुषाले न विचारता लगन ठरवलंस त्याचं. पोरीचं ठरवतेत तसं."

मिस्सात पुष्पाबाई शेवटच्या बाकावर बसल्या. त्या दिवशी लोकांनी झावळ्या आणल्या होत्या. कोणाची पिवळी पडलेली, कोणाची चुलीच्या धुरानं काळपट, एकीनं तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. ओट्यावर ढीग झाला. कम्युनियनची रांग लागली तेव्हा त्यांनी गुडघे बाजूला घेतले. मंगळवारी झालं तर पुढच्या रविवारी हे करावं लागणार नाही, आणि ईस्टरला तर नाहीच नाही, हा विचार त्यांनी मनातून काढून टाकायचा प्रयत्न केला. तो निघाला नाही. बाहेर आल्या तर कडुलिंबाखालचा बाक रिकामा होता. चपला स्वतःच शोधाव्या लागल्या.

दुपारी रीताचा फोन आला. शकुनबाईंच्या सुनेनं, रक्षानं, तिला कळवलं होतं.

"आई, बाबांना विचारलं होतंस का?"

"नाई."

"सांगितलं तरी होतंस?"

"सांगितलंबी नाई."

"मग ते जाणार नाहीत तर काय करणार?" रीता म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण तुला पाहिजे ना ते? खरंच पाहिजे ना?"

"पाहिजे," पुष्पाबाई म्हणाल्या. आयुष्यात हा शब्द त्यांनी फार कमी वेळा वापरला होता, त्यामुळे तो तोंडातून निघाल्यावर त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. "पन त्याइले खाली पाहाले लावून नाई पाहिजे."

"म्हणजे कसं?"

पुष्पाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. लग्न अपुरं आहे असं फादर म्हणतात, नागपूरचे बिशप म्हणतात, त्या स्वतःही इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या. फक्त गोमाजींच्या देखत ते कधी म्हटलं नव्हतं. ज्या माणसानं भर उन्हात शिंदी तोडली, लेकीला बाप्तिस्म्याला नेलं, त्याला या वयात सांगायचं की बाबा, तुझं लग्न झालंच नव्हतं?

सोमवारी गोमाजी आले नाहीत. एकोडीला फोन करावा असं मनात आलं, पण काय बोलावं ते ठरेना. पुष्पाबाईंनी घर सारवायचं काढलं, मग देव्हारा पुसला, मग क्रूस पुसला. क्रुसामागची झावळी काढून त्यांनी पिशवीत घातली. धानाच्या कोठीला गोमाजींनी बांधलेली दुसरी एक होती. दर वर्षी ते एक जास्तीची तोडून कोठीला बांधायचे. धानाला कीड लागत नाही म्हणायचे. फादरांना हे चाललं नसतं कदाचित, पण फादरांना कोणी सांगितलं नव्हतं. तीही त्यांनी सोडून पिशवीत घातली.

मंगळवारी सकाळी चर्चच्या मागच्या बाजूला त्यांनी जुन्या लोखंडी घमेल्यात झावळ्या पेटवल्या. वाळलेली शिंदी चटकन पेटते आणि तितकीच चटकन विझते. मधेमधे काडीनं हलवत राहावं लागतं, नाहीतर देठ कच्चे राहतात आणि राख खरखरीत होते. मागे मिलच्या भिंतीपलीकडे पळस फुलला होता. राख गार झाल्यावर त्यांनी ती पातळ सुती कापडातून चाळली, आणि फादरांच्या खोलीतल्या स्टीलच्या वाटीत भरून वर झाकण ठेवलं. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. नळावर धुवायला वाकल्या तेव्हा फाटकाशी ऑटो थांबल्याचा आवाज आला.

आधी काठी उतरली, मग उजवा पाय. गोमाजी धुतलेलं धोतर आणि पांढरा सदरा घालून आले होते. त्यांच्यामागे एक वाळकुडा म्हातारा, डोक्याला पंचा. आणि त्याच्यामागे दोघांच्या आधारानं उतरणाऱ्या कौशल्याबाई, गोमाजींच्या थोरल्या बहीण. म्हातारा म्हणजे हिरालाल, एकोडीचा, गोमाजींच्या बरोबरीचा. त्याला पुष्पाबाईंनी ओळखायला वेळ लागला, कारण त्याचे दात गेले होते.

"काय वो नवरीबाई," कौशल्याबाई म्हणाल्या, "हात काळे करून बसली. हळद लावाची का कोळसा?"

पुष्पाबाई पाया पडायला वाकल्या. म्हातारीनं त्यांना अर्ध्यातच धरलं.

गोमाजींनी बायकोकडे पाहिलं नाही. ते थेट चर्चच्या ओट्याकडे गेले. फादर लिजो बाहेर येत होते, त्यांना म्हणाले, "आणले जी साक्षीदार."

"छान. छान झालं," फादर म्हणाले.

"घ्या साक्ष," गोमाजी म्हणाले. "हिरालाल, सांग."

फादर काही बोलायच्या आत हिरालालनं पंचा सोडून हातात घेतला आणि कचेरीत उभं राहावं तसा तो सरळ उभा राहिला. "मी हिरालाल, राहणार एकोडी. या गोमाजीचं लगन माह्यासमोर लागलं. अंतरपाटाचं एक टोक माह्या हातात होतं. महाराज मंगलाष्टकं लांबवून राहिले होते आन माह्या हाताले रग लागली होती. मी अंतरपाट थोडा खाली केला तर यानं मधातूनच नवरी पाहून घेतली. महाराज रागावले. हे खरं आहे."

"वरून जेवण कमी पडलं, तेबी सांग," गोमाजी म्हणाले.

"कमी नोहोतं पडलं," कौशल्याबाई तुटून पडल्या. "तू तीनदा बसला, तुले कमी पडलं." मग त्या फादरांकडे वळल्या. आवाज बसका होता, पण शब्द स्वच्छ होते. "बाबा, हिच्या बाजूनं एक माणूस नोहोतं मांडवात. नवरीच्या बाजूनं कोण उभं राहते म्हणून बायकाइत कुजबुज सुरू झाली. मी नवरदेवाची बहीण. तिकडून उठली आन हिच्या बाजूनं येऊन उभी राह्यली. हळदबी मीच लावली हिले. आता हा म्हणते, लगनच नाई झालं असं तुमी म्हणता. मंग मी हळद कोणाले लावली?"

शकुनबाई आणि त्यांची सून रक्षा फाटकातून आत आल्या होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या.

फादर पुढे आले. "माई, मी तसं म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "साक्षीदार म्हणजे, आज जो विधी होईल त्याचे. त्यासाठी कोणीही चाललं असतं. इथले, शेजारचे."

"त्याच्यासाठी कोणीबी भेटन जी," गोमाजी म्हणाले. "जे झालं त्याचे एवढे दोघंच उरले. म्हणून आणले."

फादर ओट्याच्या पायरीवर बसले. त्यांनी हिरालालला बसायला सांगितलं, कौशल्याबाईंना आतून खुर्ची आणून दिली. मग हळूहळू, शब्द जुळवत त्यांनी समजावलं. मांडवातलं लग्न खोटं होतं असं त्यांच्या मनात नाही. दोघं इतकी वर्षं नांदले ते त्यांना दिसतं. पण पुष्पाबाई या चर्चच्या लेक, आणि लेकीचं लग्न इथे एकदा उच्चारलं जायला पाहिजे होतं, ते राहून गेलं. ते आज करायचं. आणि हे दोघं आलेच आहेत, तर तेच साक्षीला उभे राहतील. ख्रिस्ती असलंच पाहिजे असं नाही.

"म्हणजे मी पुन्हा हिच्या बाजूनं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"हो, माई."

"मंग ठीक आहे." त्यांनी पदर नीट केला. "या हिरालालले मात्र काही धराले देऊ नका."

रक्षा हसली. गोमाजी हसले नाहीत, पण त्यांनी पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं आणि तिच्या हातांकडे बघून म्हणाले, "धुऊन ये. काळे आहेत."

पुष्पाबाई नळावर गेल्या. राखेचे हात साध्या पाण्यानं जात नाहीत. चोळून चोळून नखांच्या कडा तशाच राहिल्या. परत आल्यावर त्या फादरांसोबत कोपऱ्यातल्या कबुलीच्या जागेवर गेल्या. बाकीचे ओट्यावर थांबले. फार वेळ लागला नाही. रागाचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. नवऱ्याला न विचारता परवानगी मागवली, तेही सांगितलं, आणि त्याचं वाईट वाटतं हे म्हणताना अडखळायला झालं नाही. मांडवाचं नाव काढायची वेळ आली नाही.

मग गोमाजी आत आले. ते चर्चमध्ये पहिल्यांदाच येत होते. चपला त्यांनी बाहेर, पुष्पाबाईंच्या चपलांशेजारी काढल्या होत्या. गोमाजींनी वर छताकडे पाहिलं, कडेच्या खिडक्यांकडे पाहिलं, आणि शेवटच्या बाकाशी जरा थांबले.

"इथं बसतेस?"

"हो."

"लई मागं आहे."

वेदीपुढे चौघं उभे राहिले. गोमाजींच्या बाजूला हिरालाल, पुष्पाबाईंच्या बाजूला कौशल्याबाई, खुर्चीच्या पाठीला धरून. शकुनबाई आणि रक्षा पहिल्या बाकावर बसल्या होत्या, आणि शकुनबाईंनी पिशवीतून कागदात बांधलेली थोडी हळद आणली होती, ती त्या मुठीत धरून होत्या.

फादरांनी आधी सगळं नीट समजावून दिलं, म्हणजे मधे कोणी गोंधळणार नाही. मी आधी प्रार्थना म्हणेन. मग तुम्हाला विचारेन, गोमाजी, तुम्ही पुष्पाचा पत्नी म्हणून स्वीकार करता का.

"करतो. केला आहे," गोमाजी म्हणाले.

"आत्ता नाही, मी विचारेन तेव्हा. मग पुष्पाबाईंना विचारेन. मग तुम्ही एकमेकांचा हात धरून वचन म्हणायचं, मी म्हणेन त्याच्यामागे. शेवटी मी जाहीर करेन, आजपासून तुम्ही देवासमोर पती-पत्नी आहात. मग आपण मिस्सा सुरू करू, आणि पुष्पाबाई कम्युनियन घेतील." त्यांनी गोमाजींकडे पाहिलं. "चालेल ना?"

गोमाजी खाली फरशीकडे पाहत होते. काठीवरची त्यांची पकड घट्ट झाली होती, आणि उजव्या तळहाताच्या कडेला जुन्या जखमेचा व्रण पांढरा पडला होता. हिरालालनं पंचा या हातातून त्या हातात घेतला.

"हो जी," गोमाजी म्हणाले. "तुमी म्हणाल ते म्हणतो. तिले पाहिजे आहे."

ते हो म्हणाले होते. पुष्पाबाईंना जे हवं होतं त्याच्यात आता काहीच आडवं उरलं नव्हतं. फादरांनी पुस्तक उघडलं, खूण घातलेलं पान काढलं आणि चष्मा नीट केला.

"फादर," पुष्पाबाई म्हणाल्या.

त्यांनी वर पाहिलं.

"एक मागनं आहे जी. बाकी सगळं म्हणा. फक्त 'आजपासून' म्हणू नका."